बिल छापतानाच त्याची डिजिटल प्रत जपायची कशी? इंदूरच्या व्यापाऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सियागंजातली किराण्याची पेढी असो, क्लॉथ मार्केटमधलं दुकान असो की सांवेर रोडवरचा छोटा कारखाना, कागद सगळीकडे सारखेच निघतात. बिल, डिलिव्हरी चलन, कोटेशन, परचेस ऑर्डर, पार्टीला पाठवायचं पत्र. छापलं की एक प्रत गाडीवाल्याच्या हातात, एक फाइलला. वर्ष सरलं की फाइल पोटमाळ्यावर, आणि तिथून पुढे देवावर हवाला. अशा पेढ्यांच्या दप्तराची घडी बसवून देणं हे आमचं रोजचं काम. या कामात पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि आमची उत्तरं खाली दिली आहेत.

कागद फाइलला लावलेला आहे. मग डिजिटल प्रत हवी कशाला?

शोधण्यासाठी. जीएसटीची नोटीस येते तेव्हा त्यात ठरावीक बिलांचे क्रमांक असतात आणि उत्तर द्यायला मोजके दिवस. मुनीमजी रजेवर असतील तर कुठलं वर्ष कुठल्या गठ्ठ्यात आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. शिवाय कागद टिकतोच असं नाही. इंकजेटवर छापलेलं अक्षर पाणी लागलं की पसरतं. थर्मल कागदावरची पावती उन्हात, उष्णतेत किंवा प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली की काही महिन्यांत पांढरी पडते. पेट्रोल, टोल आणि कुरिअरच्या पावत्या बहुतेक थर्मलच असतात, म्हणून त्या आल्या दिवशीच स्कॅन करायच्या.

आम्ही महिन्याच्या शेवटी सगळी बिलं एकदम स्कॅन करतो. तेवढं पुरत नाही का?

स्कॅन अजिबात नसण्यापेक्षा बरं. पण आमचं मत स्पष्ट आहे: आपण स्वतः काढलेला कागद स्कॅन करण्याची वेळच येऊ नये. जे संगणकातूनच निघालं, ते कागदावर उतरवून पुन्हा फोटो काढून संगणकात घालणं म्हणजे दुप्पट काम करून निम्मा दर्जा मिळवणं. स्कॅनमध्ये अक्षरं नसतात, अक्षरांचं चित्र असतं. त्यात पार्टीचं नाव शोधता येत नाही, रक्कम कॉपी करता येत नाही. छापतानाच तयार झालेली पीडीएफ शोधता येते, आकारानं लहान असते आणि कितीही मोठी करून पाहिली तरी फुटत नाही.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. महिन्याअखेरचं काम दिवाळीच्या तोंडावर राहून जातं, लग्नसराईत राहून जातं, माणूस सोडून गेला की कायमचं राहून जातं. त्यामुळे प्रत साठवणं कुणाच्या आठवणीवर सोडायचं नाही. प्रिंटची आज्ञा दिली की प्रत आपोआप पडली पाहिजे. या पानावरचं बाकी सगळं याच एका गोष्टीसाठी आहे.

बिल टॅलीत असतंच. लागेल तेव्हा पुन्हा छापू. वेगळी पीडीएफ कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. टॅलीत किंवा कुठल्याही बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बिलाची माहिती असते. तुम्ही पार्टीला दिलेला कागद तिथे ठेवलेला नसतो. दोन वर्षांपूर्वीचं बिल आज पुन्हा छापलं तर त्यावर तुमचा आजचा पत्ता, आजचं बँक खातं, आजच्या अटी आणि आजचा नमुना येऊ शकतो, कारण या गोष्टी त्या क्षणीच्या सेटिंगमधून घेतल्या जातात. ‘पैसे तीस दिवसांत’ ही अट तुम्ही मागच्या वर्षी बदलून ‘पंधरा दिवसांत’ केली असेल, तर पुन्हा छापलेल्या जुन्या बिलावर पंधराच दिसेल. पार्टीच्या हातातल्या कागदावर तीस. व्याजावरून भांडण झालं तर तुमचाच कागद तुम्हाला खोटं पाडेल.

शिवाय सॉफ्टवेअर बदलतं, लायसन्स संपतं, डेटा दुसऱ्या आवृत्तीत नेताना गडबड होते. पीडीएफ उघडायला यातलं काहीच लागत नाही.

एका बटणात छपाई आणि साठवण, हे नेमकं जमवायचं कसं?

विंडोजमध्ये आभासी प्रिंटर म्हणून एक सोय असते. संगणकाला तो इतर प्रिंटरसारखाच दिसतो, पण कागदाऐवजी फाइल काढतो. विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टचा असा एक प्रिंटर सोबतच येतो. मात्र तो दरवेळी ‘कुठे ठेवू, नाव काय देऊ’ असं विचारतो, आणि फाइल काढल्यावर कागद छापत नाही. घाईच्या काउंटरवर त्याचा उपयोग नाही.

त्याऐवजी पीडीएफ-क्रिएटर किंवा क्लॉ-पीडीएफसारखा प्रोग्रॅम टाकावा. क्लॉ-पीडीएफ मुक्तस्रोत आहे. यात दोन गोष्टी चालू करायच्या. एक, न विचारता ठरलेल्या फोल्डरमध्ये आपोआप साठवणं. दोन, फाइल झाल्यावर तीच ठरवून दिलेल्या खऱ्या प्रिंटरवर पाठवणं. मग बिलिंगच्या संगणकावर हाच प्रिंटर डीफॉल्ट करून टाकायचा. बिल करणारा नेहमीसारखं प्रिंट दाबतो. आधी फाइल पडते, मागून कागद येतो. प्रिंटरमधला कागद संपला तरी प्रत आधीच साठलेली असते.

बसवताना तीन जागी लक्ष द्या. छपाईचं माप ‘पानात बसवा’ वर राहिलं तर बिल किंचित लहान छापलं जातं आणि छापील स्टेशनरीच्या रकान्यांवर आकडे सरकतात, म्हणून माप १०० टक्के ठेवा. दुसरं, त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर तिच्यावर नवी चढवायची नाही, पुढे क्रमांक लावून वेगळी ठेवायची. तेच बिल दोनदा छापलं तर दोन फाइली होतील, होऊ द्या. तिसरं, फोल्डर दुकानातल्या एकाच ठरलेल्या जागी असावं. प्रत्येक संगणकाच्या डेस्कटॉपवर वेगळं फोल्डर झालं की वर्षभरात पुन्हा तोच पोटमाळा.

विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्ये ‘छापलेली कागदपत्रं ठेवा’ अशा अर्थाचा एक पर्याय दिसतो. त्याला संग्रह समजू नका. त्यातून छपाईच्या रांगेतल्या कच्च्या फाइली उरतात. त्या सहज उघडून वाचता येत नाहीत आणि डिस्क मात्र भरत जाते.

आमचं लेटरहेड प्रेसमधून छापून येतं. पीडीएफमध्ये ते दिसतच नाही.

दिसणार नाही, कारण संगणकाला ते माहीतच नाही. साठलेली प्रत बोडकी राहते: नाव नाही, जीएसटी क्रमांक नाही, खालच्या अटी नाहीत. आमचा सल्ला असा की लेटरहेड सॉफ्टवेअरच्या नमुन्यातच बसवा आणि साध्या कागदावर सगळं एकदम छापा. प्रेसचा खर्चही वाचतो. रंगीत लेटरहेडचा मोह सुटत नसेल तर तो निवडक पत्रांपुरता ठेवा.

आमच्याकडे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे, एका ठोक्यात तीन प्रती निघतात. तो सोडावा लागेल का?

मुळीच नाही. मालाच्या बिलाच्या तीन प्रती जीएसटीच्या नियमातच आहेत: मूळ खरेदीदाराला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी विक्रेत्याकडे. सेवेच्या बिलाला दोन. कार्बनलेस कागदावर एकदम तिन्ही काढायला डॉट मॅट्रिक्ससारखं स्वस्त यंत्र आजही नाही, आणि आपल्याकडच्या घाऊक बाजारात ते उगाच टिकलेलं नाही.

पण त्याला आभासी प्रिंटरच्या मागे जोडू नका. डॉट मॅट्रिक्स जलद चालतो तो अक्षरांच्या मोडमध्ये. पीडीएफ करून पाठवलं की तेच बिल त्याला चित्रासारखं ओळ ओळ रेखाटावं लागतं. मग एका बिलाला कितीतरी जास्त वेळ आणि तिसऱ्या प्रतीवर अक्षर पुसट. इथे वाट वेगळी. कागद नेहमीसारखा छापू द्या आणि दुकान वाढवण्यापूर्वी त्या दिवसाची सगळी व्हाउचर्स (सॉफ्टवेअरमधल्या बिलांच्या नोंदी) एकत्र पीडीएफमध्ये एक्सपोर्ट करा. टॅलीत अनेक व्हाउचर्स एकदम काढण्याची सोय आहे. हे माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून आहे हे खरं, म्हणून ते गल्ला मोजण्याला जोडून द्या. गल्ला कुणी विसरत नाही.

जुनं डॉसमधलं सॉफ्टवेअर अजून चालू असेल तर त्यातून बहुधा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये छपाई करता येते. ती फाइल दिसायला ओबडधोबड असते, पण पन्नास वर्षांनीही उघडेल.

पीडीएफ आणि पीडीएफ-ए यात फरक काय?

पीडीएफ-ए हा दीर्घकाळ जपण्यासाठी केलेला पीडीएफचा प्रकार. २००५ मध्ये तो आयएसओ १९००५ म्हणून प्रमाणित झाला. यात वापरलेले फॉन्ट फाइलमध्येच घातलेले असावे लागतात, पासवर्ड लावता येत नाही आणि बाहेरच्या कुठल्याही गोष्टीवर फाइल अवलंबून राहू शकत नाही. वर सांगितलेल्या प्रोग्रॅममध्ये तो एका यादीतून निवडायचा असतो. एकदा निवडा आणि विसरून जा.

पीडीएफमध्ये मराठी-हिंदी मजकूर नीट दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. असं का?

बहुतेक वेळा कारण जुना फॉन्ट. श्री-लिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठलेलं अक्षर रोमनच असतं. डोळ्याला देवनागरी, संगणकाला अर्थहीन अक्षरांची रांग. पत्रं आणि कोटेशन युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, टाइप करायला लागा. इतक्या वर्षांचे हात बसलेले टायपिस्ट कुरकुरतील, पण जुन्या टंकलेखन यंत्राचीच कळरचना युनिकोडमध्येही मिळते, हे त्यांना दाखवा.

युनिकोड असूनही कधी कधी जोडाक्षरं आणि वेलांट्या पीडीएफमधून शोधताना तुटतात. तो पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा दोष. म्हणून शोध मजकुरावर सोडू नका, फाइलचं नाव असं द्या की नावावरूनच काम व्हावं.

मग नाव कसं द्यायचं?

आधी तारीख, तीही वर्ष-महिना-दिवस या क्रमानं. मग कागदाचा प्रकार, मग क्रमांक, मग पार्टी. ‘२०२५-०६-१४_बिल_०३१७_’ आणि पुढे पार्टीचं छोटं नाव. वर्ष आधी असलं की फाइली आपोआप तारखेवार लागतात. दिवस आधी लिहिला तर बारा महिन्यांच्या एक तारखा एकाखाली एक येऊन बसतात.

एक बारीक गोष्ट बऱ्याच ठिकाणी अडते. आपल्याकडे बिलाचा क्रमांक ‘२५-२६/३१७’ असा तिरकी रेघ घालून लिहायची पद्धत आहे, आणि जीएसटीच्या नियमात ती चालते. पण विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही. कुठे फाइल साठतच नाही, कुठे नाव अर्धवट तुटतं. फाइलच्या नावात तिथे आडवी रेघ वापरा, नाहीतर नव्या आर्थिक वर्षापासून बिलातच आडवी रेघ आणा, तीही चालते. एकूण क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा. त्या वर्षात ०००१ पासून शून्य लावूनच मोजा, म्हणजे १० नंबरचं बिल २ च्या आधी येणार नाही.

माल पोहोचल्यावर सही-शिक्का होऊन येणाऱ्या प्रतीचं काय?

हा वेगळा कागद आहे आणि आमच्या मते पैशाच्या दृष्टीनं सर्वांत मोलाचा. छापताना साठवलेली पीडीएफ सांगते की तुम्ही काय पाठवलं. पार्टीच्या गोदामात चलनावर पडलेला शिक्का, ‘दोन पेट्या कमी’ असा पेननं मारलेला शेरा, ट्रान्सपोर्टवाल्याची बिल्टी (मालवाहतुकीची पावती), हे सांगतं की तिथे काय पोहोचलं. उधारी अडकते तेव्हा वाद ‘पाठवलं का’ यावर क्वचितच होतो. तो होतो ‘मिळालं का’ यावर.

स्कॅनर खरा इथे लागतो. पोच परत आली की त्याच दिवशी ३०० डीपीआयवर, रंगीत स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात निळा शिक्का आणि काळी छपाई एकमेकांत मिसळतात आणि सही कुठली ते कळत नाही. मागच्या बाजूला शेरा असेल तर तीही बाजू घ्या. नाव मूळ बिलाचंच ठेवा, शेवटी फक्त ‘_पोच’ जोडा. मग फोल्डरमध्ये बिल आणि त्याची पोच शेजारी शेजारी बसतात, आणि पोच नसलेलं बिल नजरेत भरतं. वसुलीसाठी याहून सोपी यादी दुसरी नाही.

ड्रायव्हरनं मोबाइलवर फोटो पाठवला तर तो तात्पुरता ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो दाबला जातो, बारीक अक्षर जातं. कागद आला की स्कॅन कराच.

ई-इन्व्हॉइसला हे सगळं लागतं का?

१ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्यांना व्यापाऱ्यांमधल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, करावं लागतं. त्याला तीन प्रतींचा नियम लागू नाही. पण जपायची प्रत ती, जिच्यावर आयआरएन (पोर्टलनं बिलाला दिलेला ओळख क्रमांक) आणि क्यूआर कोड आलेला आहे. कोड येण्याआधी घाईत छापलेलं बिल संग्रहात जाऊन बसतं आणि पुढे तेच पार्टीला मेल होतं, असं घडू शकतं. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये आयआरएन मिळाल्यावरच छपाई होईल अशी सेटिंग ठेवा. पोर्टलकडून आलेली डिजिटल सही केलेली जेसन फाइलही (बिलाची माहिती संगणकाला वाचता येईल अशा रूपात) त्याच नावानं शेजारी ठेवा.

चुकीचं बिल छापलं गेलं. साठलेली प्रत पुसून टाकू का?

नाही. नियमच असा आहे की नोंद खोडून नाहीशी करायची नसते, आणि संगणकावरच्या वह्यांमध्ये बदलाची, पुसल्याची नोंद राहिली पाहिजे. फाइलच्या नावाच्या शेवटी ‘रद्द’ लिहा आणि राहू द्या. ई-इन्व्हॉइस पोर्टलवर २४ तासांच्या आत रद्द होतं, त्यानंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम वजा केल्याचा कागद) काढावी लागते. तिची प्रतही मूळ बिलाशेजारी.

किती वर्षं ठेवायचं?

जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने. २०२४-२५ च्या विवरणपत्राची तारीख ३१ डिसेंबर २०२५, म्हणजे त्या वर्षाची कागदपत्रं ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर एक वर्ष किंवा हे ७२ महिने, यातलं जे नंतर संपेल तोवर. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला वह्या आठ वर्षं ठेवाव्या लागतात, १ एप्रिल २०२३ पासून बदलांची नोंद ठेवणारंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरावं लागतं आणि हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. डिजिटल प्रतीला जागा लागतच नाही, म्हणून आम्ही सरसकट दहा वर्षं सांगतो. तुमच्या सीएंना काही विशेष कारणानं जास्त हवं असेल तर त्यांचं ऐका.

जागा किती लागेल?

एका पानाची पीडीएफ १०० केबी धरा. रोज ४० बिलं, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० फाइली आणि साधारण १.२ जीबी. रंगीत स्कॅन त्याच्या अनेक पट, तरी दहा वर्षांचं दप्तर साध्या हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात मावतं.

बॅकअप कसा ठेवावा?

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुकानाबाहेर. दुकानातला संगणक, बाहेरची हार्ड डिस्क आणि क्लाउड. हार्ड डिस्क बॅकअप झाल्यावर काढून ठेवा. जोडलेली राहिली तर संगणकात शिरलेला खंडणीचा व्हायरस तिच्यावरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. ती घरी न्या, राजेंद्र नगरला राहणाऱ्या माणसानं सियागंजातली डिस्क सियागंजातच ठेवण्यात अर्थ नाही. पेन ड्राइव्हवर भरवसा नको. आणि दर तीन महिन्यांनी कुठलंही एक जुनं बिल बॅकअपमधून उघडून बघा, न तपासलेल्या बॅकअपवर विसंबता येत नाही.

अशी प्रत कोर्टात चालते का?

इलेक्ट्रॉनिक नोंदीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नं मान्यता दिली आहे. पुराव्यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. पूर्वी हेच काम पुरावा कायद्याचं ६५-ब कलम करत असे. मूळ यंत्र कोर्टात आणलं नाही तर नोंदीसोबत तिचं प्रमाणपत्र हवंच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात स्पष्ट केलं होतं. नव्या कायद्यातल्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत, एक ज्याच्याकडे नोंद आहे त्यानं भरायचा, दुसरा तज्ज्ञानं, आणि त्यात फाइलचा हॅश लिहावा लागतो. हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला लांब आकडा. एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण बदलतो. मोठ्या रकमेच्या करारांचे हॅश साठवतानाच काढून ठेवले तर पुढे वकिलांचं काम सोपं होतं.

डिजिटल सही केलेली पीडीएफ मात्र पीडीएफ म्हणूनच जपा. ती छापली की सही कागदावर फक्त दिसते, तपासता येत नाही.

मग कागद रद्दीत घालू का?

आपली रोजची बिलं मुदत संपल्यावर, सीएंना विचारून, फाडून टाका. स्टॅम्प पेपरवरचे करार, भाडेचिठ्ठी, नोंदणीकृत दस्त, वचनचिठ्ठी, बँक गॅरंटी, मृत्युपत्र, भागीदारीचा करार यांचे मूळ कागद कधीही टाकायचे नाहीत. त्यांचं स्कॅन फक्त वाचायला. रद्दीवाल्याला अख्खे गठ्ठे देऊ नका, त्यावर पार्ट्यांचे भाव आणि बँक खाती असतात.

झेरॉक्स मशीनमध्येच कागद साठवण्याची सोय आहे. ती वापरू?

संग्रह म्हणून नको. मोठ्या मशीनमध्ये आत हार्ड डिस्क असते आणि छापलेली कामं तिच्यावर काही काळ राहतात, पण मशीन बिघडलं की तेही गेलं. मशीन भाड्याचं असेल तर आणखी एक काळजी घ्या. करार संपून ते परत जातं तेव्हा तुमचे कागद आतल्या डिस्कवर बसून दुसऱ्याच्या ऑफिसात जाऊ शकतात. मेनूमध्ये डिस्क पुसण्याचा पर्याय असतो. तो सेवा देणाऱ्या माणसाकडून तुमच्यासमोर चालवून घ्या आणि डिस्क पुसल्याचं परतीच्या पावतीवर लिहून घ्या.